लायब्ररी नंतर ठरवू, आधी स्टोअरमध्ये काय टाकायचं नाही ते बघू

रिअॅक्टचा नवीन प्रोजेक्ट सुरू झाला की कोणीतरी विचारणारच, स्टेटसाठी, म्हणजे अॅपमधला बदलता डेटा सांभाळायला, कुठली लायब्ररी घ्यायची, रीडक्स की झुस्टँड की अजून काही, आणि मग त्यावरच वाद रंगतो. शेअर नक्की काय करायचंय हे मात्र कोणी बघत नाही. माझं मत असं की आपण ज्याला शेअर्ड स्टेट म्हणतो त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींना स्टोअर, म्हणजे अॅपच्या सगळ्या भागांना वाचता येईल अशी एक सामायिक जागा, लागतच नाही.

साधी स्क्रीन घ्या. डावीकडे युजर्सची लिस्ट, उजवीकडे निवडलेल्या युजरचे डिटेल्स, वर सर्च बॉक्स. बऱ्याच कोडमध्ये याचं स्टोअर कसं दिसतं तर सगळे युजर्स, फिल्टर केलेले युजर्स, निवडलेला युजर, सर्चचा मजकूर आणि लोडिंगचा फ्लॅग, सगळं एकाच जागी कोंबलेलं.

यातला सगळ्यात त्रासदायक म्हणजे निवडलेला युजर. त्याचा अख्खा ऑब्जेक्ट वेगळा ठेवला की एकाच माणसाच्या दोन प्रती झाल्या, मग नाव एडिट केलं की लिस्टमध्ये नवीन नाव आणि पॅनलमध्ये जुनंच, मग कोणीतरी दोन्ही जुळवायला यूजइफेक्ट, म्हणजे रेंडर (स्क्रीन काढून) झाल्यावर चालणारा कोड, लावतो आणि त्यातही एक रेंडर जुन्या नावाचा होऊन जातोच. त्यापेक्षा फक्त आयडी ठेवा ना, युजर लिस्टमधून शोधून काढा, विषय संपला. फिल्टर केलेली लिस्टही ठेवायची नाही, रेंडर होताना काढायची, अगदीच जड पडली तर मेमो करायची, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवायचं.

सर्चचा मजकूर यूआरएलमध्ये. रिफ्रेश केलं तरी राहतो आणि लिंक दुसऱ्याला पाठवता येते. फक्त दर अक्षराला हिस्टरीत नवीन एन्ट्री पुश करू नका, नाहीतर बॅक दाबल्यावर एकेक अक्षर मागे जात बसाल, आहे तीच एन्ट्री बदलणारं रिप्लेस वापरा, तेही टायपिंग थांबल्यावर.

राहिले युजर्स आणि लोडिंग. हा डेटा सर्व्हरचा, आपल्याकडे असते ती नुसती झेरॉक्स, आणि झेरॉक्स कधी जुनी झाली हे स्टोअरला कळत नाही. टॅनस्टॅक क्वेरीसारख्या, सर्व्हरचा डेटा मागवून जपून ठेवणाऱ्या लायब्ररी याचसाठी आहेत. डेटा आला की डिफॉल्टनुसार तो लगेच शिळा धरला जातो, विंडोवर परत आलात की पुन्हा मागवला जातो, दोन कंपोनंट्सनी (स्क्रीनच्या वेगवेगळ्या तुकड्यांनी) एकदमच मागितला तरी रिक्वेस्ट एकच जाते. हे सगळं हाताने लिहायला बसलात तर बघा किती वेळ जातो ते.

म्हणजे अख्ख्या स्क्रीनमधून उरला तो एक आयडी, आणि खरं सांगायचं तर तोही यूआरएलमध्येच शोभतो.

लोक रीडक्सला नावं ठेवतात ते मला पटत नाही. २०१५ मध्ये ते आलं तेव्हा रिअॅक्टमध्ये हुक्स (यूजइफेक्टसारखी फंक्शन्स) नव्हते, ते २०१९ मध्ये आले, आणि आत्ताची कॉन्टेक्स्ट एपीआय २०१८ ची. त्यामुळे तेव्हा सगळं तिथे टाकणं साहजिकच होतं. तरी २०१६ मध्येच डॅन अब्रामोव्ह, म्हणजे ज्यांनी ते बनवलं त्यांच्यातलेच एक, लिहून मोकळे झाले होते की तुम्हाला कदाचित रीडक्सची गरज नसेल.

आता काहीजण म्हणतील मग कॉन्टेक्स्ट वापरू. वापरा, पण ते व्हॅल्यू खाली पोचवायचं साधन आहे, स्टेट सांभाळायचं नाही. प्रोव्हायडरच्या, म्हणजे व्हॅल्यू पुरवणाऱ्या कंपोनंटच्या, व्हॅल्यूत तिथल्या तिथे ऑब्जेक्ट बनवला की प्रोव्हायडरच्या दर रेंडरला तो नवीन, आणि तो वाचणारे सगळे कंपोनंट्स पुन्हा रेंडर, त्यांना विनाकारण रेंडर टाळणारा रिअॅक्टचा मेमो लावला असला तरी. थीम, भाषा, लॉगिन झालेला युजर अशा क्वचित बदलणाऱ्या गोष्टींना ठीक आहे.

झुस्टँडमध्ये सिलेक्टर नावाच्या फंक्शनने स्टोअरमधला हवा तेवढाच तुकडा घेता येतो म्हणून मला ते आवडतं. तिथेही सिलेक्टरमधून दरवेळी नवीन ऑब्जेक्ट किंवा अॅरे परत केलात तर पाचव्या व्हर्जनपासून कंपोनंट चक्क अनंत लूपमध्ये जाऊ शकतो, मग आतल्या व्हॅल्यूज बदलल्या का एवढंच बघणारा यूजशॅलो लावा नाहीतर दोन वेगळे सिलेक्टर लिहा.

एडिटरसारखं काही असेल, अनडू-रीडू हवं असेल, एका क्लिकवर पाच ठिकाणी बदल होत असतील आणि कुठल्या अॅक्शनने काय बदललं ते मागे जाऊन बघायचं असेल, तर मी आजही रीडक्स टूलकिटच, म्हणजे रीडक्स वापरायचा अधिकृत संचच, घेईन.