‘द’ची पक्कड

परवा दुपारी कपाटाच्या दाराचा एक स्क्रू बिजागरीतून अर्धा बाहेर आला. दार गेले काही दिवस कुरकुरत होतंच, परवा त्यानं एक खांदा पाडला. पाच मिनिटांचं काम. मी हत्यारांचा खण उघडला. चपट्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर तीन. टेस्टर दोन, त्यातला एक लागत नाही. स्टारचा एकही नाही.

त्याला स्टार का म्हणतात हे मला अजून उमगलेलं नाही. ती साधी अधिकची खूण आहे. हेन्री फिलिप्स यांनी १९३६ साली या फुलीची पेटंटं घेतली, कारण ड्रायव्हरचं टोक खाचेत आपोआप मधोमध बसतं आणि मोटारींच्या कारखान्यात भराभर स्क्रू पिळता येतात. खरा सहा टोकांचा तारा वेगळा असतो. तो ड्रायव्हर माझ्याकडे अजून आहे. कशाला लागतो हे कुणाला ठाऊक नसल्यामुळे तो आजवर कुणी मागितलेला नाही.

फुलीचे माझ्याकडे चार होते. ते कुठे आहेत, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. सगळ्यात बारका, चष्म्याच्या दांडीचा, मावसबहिणीकडे. मधला दिराकडे. लांब दांडीचा मैत्रिणीनं घर बदलताना नेला. त्यानंतर तिनं आणखी दोनदा घर बदललं, म्हणजे माझा स्क्रू ड्रायव्हर माझ्यापेक्षा जास्त फिरला. आणि चौथा ‘कुणालातरी’ दिलेला आहे. हे ‘कुणालातरी’ माझ्या नवऱ्याचं.

आमच्या घरातली हत्यारं माझी आहेत. काही वडिलांकडून आलेली, काही मी हौसेनं घेतलेली. नवऱ्याला पाना आणि पक्कड यांतला फरक सांगता येईल, पण विचार करायला वेळ द्यावा लागेल. तरीही उसनं मागणारा त्याच्याकडे मागतो. दीर दारातूनच विचारतो, “दादा, ड्रिल देतोस का जरा?” आणि दादा कर्णाच्या थाटात ड्रिल उचलून देतो. वर पिशवीही देतो. ती पिशवीसुद्धा परत येत नाही. मी तिथंच बसलेली असते. दीर निघताना म्हणतो, “येतो वहिनी.”

एकदा मला कुठंतरी वाचलेलं आठवलं म्हणून मी नवऱ्याला ड्रिलची कुळकथा सांगितली. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली चाप असलेल्या ड्रिलचं पेटंट ब्लॅक अँड डेकर कंपनीला १९१७ साली मिळालं. ते बनवलं होतं कारखान्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या कारखान्यांतले कामगार म्हणे ते घरी न्यायला लागले. घरी फळी ठोकायची असेल, बिजागरी बसवायची असेल. नेलेली ड्रिलं परत येईनात. तेव्हा कंपनीच्या डोक्यात प्रकाश पडला की हे घरातही लागतं, आणि १९४६ मध्ये घरगुती ड्रिल निघालं. माझा सांगण्याचा हेतू असा होता की ही खोड किती जुनी आहे पाहा. नवरा म्हणाला, “म्हणजे त्यांनी परत केली असती, तर तुझ्याकडे ड्रिल आलंच नसतं.” हल्ली मी त्याला माहिती पुरवत नाही.

दिराबद्दल मात्र एक कबूल करायला हवं, तो कधीमधी परत आणून देतो. मोजायची टेप त्यानं आठवडाभरात आणून दिली होती, आणि त्या दिवशी माझ्याच हातात दिली. चेहऱ्यावर उपकाराचं तेज. “वहिनी, टोकाचा आकडा ढिला झाला होता. ठोकून पक्का करून दिलाय.”

तो आकडा ढिलाच असतो हो! स्वतःच्या पत्र्याच्या जाडीइतकाच हलतो. बाहेरून अडकवून माप घेताना तो पुढे ओढला जातो, आतून टेकवून घेताना मागे सरकतो, म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. ज्या कुणाला हे सुचलं त्याच्याविषयी मला फार आदर आहे. आणि दिरानं तो हातोडीनं ठोकून गप्प केला. मी “अरे वा” म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यानंतर त्या टेपनं मी कापलेली प्रत्येक फळी मिलिमीटरभर आखूड आली. त्या फळ्या मांडणीत अजून आहेत. कुणाला दिसत नाही. मला दिसतं.

तर परवा दुपारी, दार लोंबकळत असताना, मी कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, “माझे स्टारचे स्क्रू ड्रायव्हर कुणाकुणाकडे आहेत?” नाव घेतलं नाही. नाव कसं घेणार? तिघांनी अंगठा दाखवला. भाच्यानं हसरा चेहरा टाकला. मावसबहिणीनं लिहिलं, “अगं मलाही हवाच होता, सापडला तर सांग.”

लाज नेमकी उलट्या दिशेला कशी जाते, याचं मला राहून राहून नवल वाटतं. वस्तू ठेवून घेणारा मोकळा असतो आणि परत मागणाऱ्याची जीभ अडखळते. पैसे मागता येतात, निदान त्यासाठी वाक्यं तरी तयार आहेत. पण “माझा पाना दे” हे वाक्य कसंही म्हटलं तरी कोतं वाटतं. एवढ्याशा पान्यासाठी? अमेरिकेत बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयातून १९७९ पासून हत्यारं उसनी मिळतात, पुस्तकांसारखी, कार्डावर. हे कळलं तेव्हा मला नेणाऱ्यांचा हेवा वाटला नाही, देणाऱ्यांचा वाटला. परतीची तारीख सांगताना त्यांना इकडेतिकडे बघावं लागत नसेल.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, तारीख सांगत नसत. त्यांनी दुसरा उपाय केला होता. भिंतीवर प्लायवूडची एक मोठी फळी ठोकून तिच्यावर प्रत्येक हत्यार खिळ्याला टांगलं होतं आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं प्रत्येकाच्या कडेकडेनं त्याचा आकार रंगवला होता. हातोडी उचलली की मागे पांढऱ्या रेघेतली रिकामी हातोडी उरायची. करवतीची तर दातांसकट काढली होती. हेतू हा की काय गेलंय ते चटकन कळावं. कळायचं. पण कळून अण्णा काहीच करायचे नाहीत. संध्याकाळी फळीसमोर उभे राहून ते पांढऱ्या आकृत्यांकडे बघत. मला वाटतं, मोजत असावेत.

वसुलीला मला पाठवत. मूल गेलं तर मागण्यासारखं वाटत नाही, असा त्यांचा हिशोब. शिकवण ठरलेली, “मागायचं नाही. काम झालं का, एवढंच विचारायचं. नाही म्हणाले तर परत यायचं.” मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा पक्कड आणायला शेजारच्या काकांकडे गेले. काका वर्तमानपत्र पांघरून पडले होते.

“काका, काम झालं का?”

“कसलं काम?”

या प्रश्नाची तयारी अण्णांनी करून घेतली नव्हती. मी म्हटलं, “पक्कडीचं.”

“कुठली पक्कड?” काका वर्तमानपत्राखालूनच म्हणाले आणि आतून काकूंचा आवाज आला, “माझ्याकडे आहे गं, इकडे ये.”

मी आत गेले. काकूंनी अण्णांच्या पक्कडीत गरम पातेल्याची कड धरली होती आणि पातेलं शेगडीवरून खाली उतरवत होत्या. पक्कडीच्या लाल मुठी एका बाजूनं वितळून, फुगे येऊन, काळ्या झाल्या होत्या. पातेलं खाली ठेवून काकूंनी मला हातानं थांबवलं, फडताळातून सांडशी काढली आणि माझ्या हातात दिली. सांडशीचे दोन पाय वेगळे झाले होते. “हिची खीळ निघालीय. अण्णांना बसवून द्यायला सांग. ही आली की लगेच तुमची पक्कड.”

मला ते अगदी रास्त वाटलं. मी सांडशीचे दोन तुकडे घेऊन घरी आले.

अण्णांनी ते दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिले. आई आत पदर तोंडात कोंबून हसत होती. अडचण अशी, की सांडशीचे पाय जुळवून खीळ घालून ठोकेपर्यंत ते कशाततरी घट्ट धरायला हवेत, आणि ते ज्यात धरायचे ती पक्कड काकूंच्या स्वयंपाकघरात सांडशीचं काम करत होती. अण्णा चप्पल घालून बाहेर पडले. कुठून तरी दुसरी पक्कड घेऊन आले. खीळ ठोकली, उघडमीट करून पाहिली, तेल सोडलं. मी सांडशी पोचवली. काकूंनी ती उघडली, मिटली, म्हणाल्या, “थोडी घट्टच झालीय, नाही?” आणि पक्कड ठेवूनच घेतली. म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत. “उद्या ये,” म्हणाल्या. मी परत गेले नाही, अण्णांनीही पाठवलं नाही.

ती दुसरी पक्कड मग फळीवर टांगली गेली. ती थोडी लांब होती, त्यामुळे पांढऱ्या आकृतीच्या बाहेर तिचे पाय लोंबत. तिच्या एका दांड्यावर खिळ्यानं कोरलेलं अक्षर आहे, ‘द’. आमच्या घरात द अक्षराचं कुणीच नाही.

माझीही सोय मी लावून पाहिली आहे, नाही असं नाही. वहीत नोंद केली, वही हरवली. हत्यारांवर पिवळी चिकटपट्टी गुंडाळली. मग कुणाच्याही घरी गेलं की डोळे पिवळं शोधायला लागले, हे काही चांगलं लक्षण नव्हे. मैत्रिणीच्या घरी एकदा खिडकीची कडी बसेना, तर तिनं खणातून ड्रायव्हर काढून माझ्याच हातात दिला, “तुझा हात चांगला आहे.” पिवळी पट्टी होती. मी कडी बसवली आणि ड्रायव्हर तिच्या खणात नीट ठेवून घरी आले. शेवटी ‘द्यायचं’ म्हणून एक वेगळं, टोक गुळगुळीत झालेलं ड्रायव्हर काढून ठेवलं. ते मात्र त्याच संध्याकाळी परत येतं. “घसरतो गं हा.”

अण्णा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक गृहस्थ आले, थोडा वेळ बसले, आणि उठताना पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. पटाशी होती. धार लावलेली. “राहिली होती माझ्याकडे.” मग एकेक येऊ लागलं. कानस. रंधा. ओळंबा, त्याचा दोरा नवा. ओळंबा देणाऱ्या बाईंना मी ओळखतही नव्हते, त्यांच्या वडिलांनी कधीतरी नेला होता म्हणाल्या. शेजारच्या काकू वितळलेल्या मुठींची पक्कड घेऊन आल्या. पदरानं पुसून दिली. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. कशाला आणून देताय? राहू द्या ना तुमच्याकडेच. बोलले नाही अर्थातच. रात्री मी आणि आईनं ती हत्यारं फळीवर टांगली. प्रत्येक आपापल्या रेघेत बरोबर बसलं. फळी पूर्ण भरलेली मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

‘द’ची पक्कड तेवढी उरली. तिच्या जागेवर आता काकूंकडून आलेली होती. तिला न्यायलाही कुणी आलं नाही. मी तिला घरी आणलं.

असो. चपट्या टोकानं फुलीचा स्क्रू फिरवायला गेलं की खाच चघळली जाते हे ठाऊक असूनही मी परवा तो प्रयोग केला, खाच चघळली गेली, आणि मग लक्षात आलं की स्क्रू अर्धा बाहेरच आहे, त्याचं डोकं धरता येईल. ‘द’ची पक्कड काढली. डोकं पक्कं धरून हळूहळू पिळत गेले. पाव फेरा, सोड, पुन्हा धर, पाव फेरा. चाळीसेक वर्षं झाली, जबडा अजून जागचा हललेला नाही. चांगली वस्तू आहे, ज्याची कुणाची असेल त्याची.

डोकं बिजागरीशी आल्यावर पक्कडीला धरायला जागा उरेना. शेवटचे दोन आटे तसेच राहिलेत. दार लागतं, थोडं उचलून लावावं लागतं इतकंच.