अंथरुणाबाहेरचे पाय

माझी उंची सहा फूट तीन इंच. हे मला सांगावं लागत नाही, लोकच सांगतात. लग्नाच्या हॉलमध्ये, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत कोणीतरी मान वर करून विचारतंच, "बास्केटबॉल खेळायचात का हो?" नाही खेळायचो. लहानपणापासून मी एकच व्यायाम नेमाने केला, तो वाकण्याचा. कोकणातल्या आजोळच्या घराची चौकट माझ्या कपाळाला ओळखते. एसटीत माझे गुडघे पुढच्या बाकावरच्या माणसाच्या पाठीत असतात आणि तो दर दोन किलोमीटरला मागे वळून माझ्याकडे बघतो. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण ज्याने केली, तो पाच फूट चारच्या वर नसणार, अशी माझी पक्की समजूत आहे.

दुचाकीशी माझं जमलं नाही ते नववीपासून. घरी वडिलांची लूना होती. नगरला कायनेटिकने १९७२ साली काढलेली, ५० सीसीची, पेडलवाली लूना. महाराष्ट्रातल्या किती घरांचं दळण, दूध आणि पाहुणे तिने वाहिले असतील! पण माझा गुडघा मात्र तिच्या हँडलला अडायचा. डावीकडे वळायचं तर आधी डावा गुडघा बाहेर काढून हँडलला वाट करून द्यावी लागे. शेजारचे काका ओट्यावरून ओरडायचे, "अरे, तू गाडीवर बसतोस की गाडी नेसतोस?"

पंचेचाळिशी ओलांडल्यावर, कर्जाचे हप्ते संपल्यावर, मी एक मोठी गाडी घेतली. पुढे एकवीस इंची चाक, चिखलात-डोंगरात जाणारी म्हणून ख्याती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिचा काही दोष नाही. तिने गाडी माणसांसाठी केली होती, शिडीसाठी नव्हे.

दुचाकीच्या सीटची उंची जमिनीपासून मिलिमीटरमध्ये मोजतात. स्प्लेंडरची ७८५. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफिल्डच्या पहिल्या हिमालयनची ८००. हीरोच्या एक्सपल्सच्या 'प्रो' अवतारात ती ८९१ वर गेली, तेव्हा बुटक्या मंडळींनी कपाळाला हात लावला आणि मी टाळ्या वाजवल्या. माझा पाय जांघेपासून टाचेपर्यंत ९२० मिलिमीटर. नव्या गाडीची सीट ८०० वर. सिग्नलला लोक गाडीवर बसलेले दिसतात, मी मात्र गाडी दोन पायांत धरून उभा असल्यासारखा दिसायचो. एकदा एका शाळकरी मुलाने रिक्षातून विचारलं, "काका, ही लहान मुलांची आहे का?"

हेही मी सोसलं असतं. पण ताम्हिणीत एका खड्ड्यात मागचा शॉकअप धाडकन तळाला जाऊन आपटला आणि तो आवाज थेट माझ्या मणक्यातून कवटीत गेला. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावरही तेच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या 'इंडियन रोड्स काँग्रेस'च्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे कसा सावकाश चढून उतरता येईल असा. आमच्या गल्लीतला गतिरोधक बहुधा गणपती मंडळाने उरलेल्या डांबरात घातलेला आहे. तो दुचाकीवाल्यांना अडवत नाही, आपटवतो.

म्हणून मी गाडी मिस्त्रींकडे नेली. स्वारगेटच्या मागच्या बोळात त्यांचं गॅरेज आहे. मी म्हणालो, "मिस्त्री, गाडी उंच करायची."

त्यांनी वर बघितलं. अजून थोडं वर बघितलं. "वजन किती?"

"सहा तीन."

"उंची नाही विचारली, साहेब. ती दिसतीये."

वजन अठ्ठ्याण्णव किलो. जॅकेट, हेल्मेट, बूट धरून एकशे सहा. मिस्त्रींनी शिंप्याच्या टेपने मागच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत तीनदा माप घेतलं. एकदा चाक अधांतरी लोंबत असताना, एकदा गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, आणि एकदा मी जामानिम्यासकट वर बसल्यावर. पहिल्या आणि तिसऱ्या मापातल्या फरकाला कागदोपत्री सॅग म्हणतात. मिस्त्री 'गाडी किती बसते' एवढंच म्हणतात. चाकाला वरखाली व्हायला एकूण जी जागा असते तिचा साधारण तिसरा हिस्सा, किंवा त्याहून थोडा कमी, माणूस बसल्यावर खर्ची पडावा असा अंदाज आहे. माझ्या गाडीला मागे १८० मिलिमीटरची जागा. म्हणजे पंचावन्न-साठ ठीक. माझ्या बसण्याने गेले ७४. उरलेल्या १०६ मध्ये मी ताम्हिणी घाट बसवू बघत होतो.

थोडक्यात, मला आखूड वाटणारी गाडी माझ्याच भाराने आणखी आखूड झाली होती. हे कळल्यावर मी जरा वरमलो. सगळा दोष कारखान्याच्या नकाशाला देऊन बसलो होतो, आणि त्यातला बराचसा माझ्या रात्रीच्या तिसऱ्या भाकरीचा निघाला.

मिस्त्रींनी हुक पान्याने मागच्या स्प्रिंगवरची रिंग आवळली. याला प्रीलोड म्हणतात आणि यावर चहाच्या टपरीवर जितका वाद होतो तितका राजकारणावरही होत नाही. रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते, असं निम्म्या जगाला वाटतं. होत नाही. उशीखाली दुसरी उशी घेतली की डोकं वर येतं, म्हणून पहिली उशी काही घट्ट होत नाही. गाडी वर आली, सॅग ६१ वर आला, मी खूश. मिस्त्री खूश नव्हते. मी खाली उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने पाच-सहा मिलिमीटरच बसत होती, ताठ मान करून उभी. "माणूस बसल्यावर माप बरोबर आणि रिकामी असताना ताठ, म्हणजे स्प्रिंग मऊ आहे," ते म्हणाले. मला हे उलटं वाटलं. ताठ आहे म्हणजे मऊ कशी? पण विचार केल्यावर पटलं. मऊ स्प्रिंगला आवळून आवळून माझं वजन उचलायला लावलं होतं. मी उतरलो की त्या आवळलेल्या स्प्रिंगपुढे गाडीचं स्वतःचं वजन तोकडं पडे, आणि ती फुगून बसे. आमच्या ऑफिसात असे दोघं-तिघं आहेत.

मग जास्त भाराची स्प्रिंग मागवली. पुढच्या दोन्ही शॉकअपमध्ये नव्या स्प्रिंगा आणि जरा दाट तेल घालायचं ठरलं. शिवाय मागे लिंकच्या पट्ट्या बदलायच्या होत्या. बऱ्याच गाड्यांत शॉकअप आणि मागचं चाक यांच्यात या छोट्या पट्ट्या असतात, आणि त्यांची गंमत अशी की पट्टी आखूड घातली की गाडी उंच होते. मी म्हणालो, लेथवर करून घेऊ, स्वस्तात होतील. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "ही पट्टी चालत्या गाडीत तुटली तर मागची बाजू चाकावर बसंल. तुम्ही कुठं बसाल ते सांगत नाही." तयार पट्ट्या मागवल्या. चॅसीला ग्राइंडर लावायचा नाही, ही त्यांची दुसरी अट. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. माझ्याकडे विधीची पदवी आहे.

मागचं सामान आधी आलं, पुढचं अडकलं. मला धीर नव्हता. मागची बाजू तीन सेंटिमीटर उचलून घेतली आणि रविवारी सकाळी सातारा रस्त्याला लागलो. ऐंशीच्या पुढे हँडल चुळबुळ करायला लागलं. शाळेत मागच्या बाकावरचं पोर जसं बाईंची पाठ वळली की करतं, तसं.

फिरत्या खुर्चीचं चाक बघा. त्याची दांडी पुढे असते आणि चाक किंचित मागे रेंगाळतं, म्हणून ते आपसूक सरळ होतं. मोटरसायकलचं पुढचं चाकही असंच आपल्या वळण्याच्या रेषेच्या जरा मागे जमिनीला टेकतं, आणि त्यामुळे हँडल स्वतःहून सरळ राहू पाहतं. मागून गाडी उचलली की पुढचं चाक धरणारे पाइप जास्त उभे होतात आणि हे रेंगाळणं कमी होतं. गाडी चटपटीत वळते, पण अस्वस्थ होते. खेड शिवापूरच्या अलीकडेच मी परत फिरलो. मिस्त्रींनी 'सांगितलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही. ते त्यांच्या चेहऱ्यावर मावलं. पुढच्या स्प्रिंगा आल्यावर त्यांनी टीमध्ये, म्हणजे हँडलखाली पाइप धरणाऱ्या पकडीत, पाइप दहा मिलिमीटर खाली सरकवले, नाक वर आलं, हँडल शांत झालं. चेनही नव्याने जुळवली. मागची बाजू उचलली की चेनचा ताणही बदलतो, म्हणून पुढची गरारी, मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचा बोल्ट आणि मागचा आस एका रेषेत आणून ती तिथे तपासायची, कारण तिथे ती सगळ्यात ताणलेली असते.

आता गाडी झकास झाली होती. मी वाईमार्गे महाबळेश्वरला निघालो. पसरणी घाटात खड्डे आले आणि गेले, पाठीला पत्ताही लागला नाही. वर पोचलो, उतरलो, आणि गुडघे पूर्वीइतकेच ठणकत होते.

तिथे स्ट्रॉबेरीच्या गाड्याशेजारी उभा राहून मला जे उमगलं ते खरं तर पहिल्या दिवशीच उमगायला हवं होतं. गुडघा किती दुमडायचा हे सीट आणि फूटरेस्ट यांच्यातलं अंतर ठरवतं. मी गाडी उचलली, तेव्हा सीटही वर गेली आणि फूटरेस्टही. खाली चार मजले बांधले म्हणून वरच्या खोलीचं छत काही उंच होत नाही. बावीस हजार रुपये खर्चून मी आपले दुमडलेले गुडघे तीन सेंटिमीटर वर नेऊन ठेवले होते.

मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तुम्ही गाडी उंच करा म्हणालात. गुडघ्याचं कुठं बोललात?"

मग नाना पेठ. दुचाकीचं जे काही सुटं मिळू शकतं ते तिथे मिळतं, आणि जे मिळत नाही ते समोर बसून करून देतात. सीटवाल्याच्या दुकानासमोर बाकड्यावर माझ्या आधी एक गृहस्थ बसले होते, पाच फूट दोन असतील. त्यांनीही नवी गाडी घेतली होती आणि त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. कारागिराने त्यांच्या सीटचं कव्हर सोलून सुरीने दोन बोटं फोम तासला, आणि माझी सीट पुढ्यात ओढून तोच तुकडा खालचा थर म्हणून चिकटवला. वर नवा फोम, वर कव्हर. आम्ही दोघं शेजारी बसून बघत होतो. ते गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "वापरा बिनधास्त. फक्त अठराशे किलोमीटर झालेत." मी चहा सांगितला.

चार सेंटिमीटरने सीट उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या वाहनावर माणसासारखा बसलो. गुडघे काटकोनातून सुटले. उभं राहून चालवताना कमरेत वाकावं लागू नये म्हणून हँडलखाली रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे ठोकळे, घातले. साइड स्टँड मात्र जुन्याच मापाचा होता, त्यामुळे गाडी दारू प्यायल्यासारखी कलायची. पावसात मऊ मातीवर एकदा लवंडलीही. मग तोही बदलला. हेडलाइटचा झोत खाली केला, कारण समोरून येणारे शिव्या देत होते.

एवढं सगळं झाल्यावर लक्षात आलं की घरातलं दुसरं कोणी आता या गाडीच्या वाटेला जाऊ शकत नाही. मुलगा पाच फूट सात, तो चवड्यांवर उभा राहून गाडी स्टँडवरून काढतो आणि पुन्हा लावतो. आई पाच फुटांच्या आतली, वय एकाहत्तर, पण तिला गाडीवर बसायची हौस. आधी ती फूटरेस्टवर पाय देऊन एका बाजूने बसायची. आता तिने सोसायटीच्या जिन्याची दुसरी पायरी नेमली आहे. मी गाडी पायरीला टेकवून लावायची, ती पदर खोचून बसणार, मग निघायचं. जाताना ठीक. येताना पायरी कुठून आणायची?

मागच्या महिन्यात भोरला गेलो होतो. परतताना भाजीवाल्यापाशी थांबलो. भाजी झाली, पैसे झाले, आणि आई गाडीकडे आणि गाडी आईकडे बघत राहिली. भाजीवाल्याने काही न विचारता टोमॅटोचा रिकामा क्रेट पालथा घातला. आई त्यावर चढली, बसली, आणि म्हणाली, "हा क्रेट केवढ्याला दिलास?"

तो दोनशे म्हणाला. तिने ऐंशीला तोडला. आता तो मागच्या कॅरिअरला दोरीने बांधलेला असतो. वजन दीड किलो. सॅगमध्ये धरलेलं नाही.