मूत्राशयाचं जुनाट दुखणं: सगळ्यांना एकच औषध का चालत नाही

लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू सापडत नाहीत, तरी मूत्राशय भरत आलं की ओटीपोटात कळ येते आणि लघवी झाली की थोडा वेळ बरं वाटतं. असं सहा आठवड्यांच्या वर चाललं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या व्याख्येत ते 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस / ब्लॅडर पेन सिंड्रोम' ठरतं. याच आजाराचा अभ्यास करणारा युरोपातला एसिक गट सहा महिन्यांची मुदत धरतो. फाइलवर 'आयसी' (इंटरस्टिशियल सिस्टायटिस) लिहिलं जातं आणि पुढचा शोध बरेचदा तिथंच थांबतो. खरं तर हे नुसतं आडनाव झालं; त्याखाली वेगवेगळी घरं आहेत आणि एका घरातलं औषध दुसऱ्या घरात लागू पडेलच असं नाही.

पहिली फाटाफूट हनर लीजन, म्हणजे मूत्राशयाच्या अस्तरावरची एक खास जखम, आहे की नाही, इथे होते. गाय हनर यांनी 1915 मध्ये या जखमेचं वर्णन केलं. त्याला अजून 'अल्सर' म्हणतात, पण तो खड्डा पडलेला व्रण नसतो. दुर्बिणीतून लालसर चट्टा दिसतो, मध्ये फिकट वण, त्याकडे धावणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आणि कधी वर चिकटलेला फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा) थर. मूत्राशय पाण्यानं भरून ताणलं की हा चट्टा तडकतो आणि त्यातून रक्ताची धार खाली ओघळते. बायोप्सीत लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची (दाहात जमणाऱ्या प्रतिकारपेशींची) दाटी आणि सोलवटलेलं अस्तर दिसतं. म्हणजे 'दाह' हा शब्द खऱ्या अर्थानं या गटालाच शोभतो. लीजन नसलेल्या गटात सूक्ष्मदर्शकाखाली बरेचदा फारसं काही सापडत नाही.

लक्षणांवरून हे दोन गट वेगळे करता येत नाहीत. हनरवाले रुग्ण साधारण वयानं मोठे आणि त्यांच्या मूत्राशयाची क्षमता कमी, हे खरं. पण समोर बसलेल्या एका माणसाबद्दल त्यावरून पैज लावू नये. आत बघावंच लागतं.

बघण्याचाही क्रम आहे. आधी कमी पाण्यावर सगळ्या भिंती आणि घुमट नीट पाहून घ्यायचा, मगच ताणायचं. ताणायचं असेल तर पूर्ण किंवा कमरेखालची भूल देऊन, 60 ते 80 सेंटिमीटर पाण्याच्या दाबावर, 10 मिनिटांच्या आत. उलटं केलं तर रक्तानं पाणी गढूळ होतं आणि लहान लीजन निसटतं. बायोप्सी मात्र ताणून झाल्यावरच घ्यायची. आधी घेतली तर कमकुवत झालेल्या जागी भिंत फाटू शकते. आणि पहिल्यांदा दिसलेल्या लाल चट्ट्याची बायोप्सी टाळू नये, कारण कार्सिनोमा इन सिटू (अस्तरापुरताच असलेला सुरुवातीचा कर्करोग) हुबेहूब असाच दिसू शकतो.

ताणल्यावर उमटणारे रक्ताचे टिपके, म्हणजे ग्लोमेरुलेशन्स, यांना मात्र उगाच मान मिळतो. काहीही त्रास नसलेल्या माणसांतही ते दिसतात. 'ग्लोमेरुलेशन्स आहेत, म्हणजे आयसी' असं रिपोर्टवर असेल, तर त्यातून प्रकार कळत नाही. रिपोर्टमध्ये लीजन आहे की नाही, असल्यास किती आणि कुठे, आणि भुलेखाली क्षमता किती मिलिलिटर, हे हवं.

लीजन सापडलं तर उपाय थेट त्याच्यावर करायचा: ते जाळून टाकणं, किंवा 40 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं ट्रायामसिनोलोन हे स्टिरॉइड अस्तराखाली टोचणं, एका टोचणीला अर्धा मिलिलिटर, मध्यभागी आणि कडेनं. आराम पुष्कळदा लवकर पडतो, पण लीजन परत येतं आणि उपचार पुन्हा करावा लागतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर रुग्णाला वाटतं पहिलं काम बिघडलं.

लीजन नसेल तर पुढचा प्रश्न: दुखतंय नक्की कुठे? योनी किंवा गुदमार्गातून एका बोटानं पेल्व्हिक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू दाबून पाहावेत. दाबताच ओळखीचीच कळ उठली, तर स्नायूंचा वाटा मोठा आहे. अशांना आखडलेले स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी हवी. केगल व्यायाम (हेच स्नायू आवळण्याचा) दिला, तर आधीच आवळलेले स्नायू आणखी आवळतात. सोबत आयबीएस (आतड्यांचा जुनाट त्रास), फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायूंचं दुखणं), मायग्रेन असेल, तर दुखणं मज्जासंस्थेतच पसरलेलं असण्याची शक्यता वाढते. तिथे रात्री 10 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन मूत्राशयात औषध सोडण्यापेक्षा जास्त शहाणपणाचं.

दुखणं मूत्राशयातूनच येतंय का, याचा अंदाज मूत्राशयात लिडोकेन हे बधिर करणारं औषध सोडून घेता येतो. एक प्रचलित मिश्रण असं: 2 टक्क्यांचं लिडोकेन 8 मिलिलिटर, 8.4 टक्क्यांचं सोडियम बायकार्बोनेट 3 मिलिलिटर आणि हेपरिन 40,000 युनिट. बायकार्बोनेट हवंच, कारण आम्लधर्मी लघवीत लिडोकेन विद्युतभारित राहतं आणि अस्तर ओलांडत नाही. ते जास्त पडलं तर औषधाचा साका होतो. सिरिंज ढगाळ दिसली की ती फेकायची. अर्ध्या तासात कळ उतरली, तर उगम मूत्राशयात असण्याची शक्यता बळावते. जराही फरक पडला नाही, तर नजर बाहेर वळवायची.

या वाटेवर शिरण्याआधी काही जणांना वगळावंच लागतं. लघवीत पू पेशी आहेत पण साध्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, तर क्षयाची तपासणी. रक्त जातंय किंवा तंबाखूची सवय आहे, तर सायटोलॉजी (लघवीत कर्करोगाच्या पेशी शोधणं). केटामाइन (नशेसाठीही घेतलं जाणारं भुलीचं औषध), सायक्लोफॉस्फामाइड (कर्करोगावरचं औषध) आणि ओटीपोटावरचं रेडिएशन यांबद्दल नेमकं विचारायचं, 'काही औषधं घेता का' असं मोघम नाही. केटामाइन घेणारे आपणहून क्वचितच सांगतात. अतिक्रियाशील मूत्राशय तीन दिवसांच्या नोंदवहीत वेगळं दिसतं: वेळ, मिलिलिटर, आणि लघवीआधी व नंतर दुखणं 0 ते 10. तिथे माणूस कपड्यात होईल म्हणून धावतो, इथे कळ वाढेल म्हणून.

नुसत्या 'उन्हाळी लागली' या तक्रारीवर, कल्चर कोरं असताना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देणं कुठल्याच प्रकारात बसत नाही. पेन्टोसान पॉलिसल्फेट हे या आजारावरचं तोंडी औषध चालू असेल, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळानं करून घ्यावी. दीर्घकाळ घेणाऱ्यांत मॅक्युलावर (पडद्याच्या मध्यभागावर) परिणाम झालेले आढळले आहेत.