अजिंठ्याच्या जुन्या स्लाईड: पिवळा रंग नेमका कुणाचा?

माझे मामा शाळेत चित्रकला शिकवायचे. सत्तरच्या दशकात आणि पुढं ऐंशीच्या सुरुवातीला त्यांनी अजिंठा, वेरूळला जाऊन भरपूर स्लाईड (प्रोजेक्टरवर मोठी करून दाखवायची फिल्मवरची छोटी पारदर्शक चित्रं) काढल्या, कारण पोरांना दरवर्षी सहलीला नेणं जमायचं नाही, मग वर्गाच्या भिंतीला पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर लेणी दाखवायचे. त्या सगळ्या डब्या आता माझ्याकडं आल्यात आणि सध्या मी त्या स्कॅन करायलोय. नेटवर बहुतेक जण धूळ कशी काढायची तेच विचारतात, पण मला विचाराल तर अजिंठ्याच्या स्लाईडला धुळीच्या आधी रंगाचं कोडं सोडवावं लागतं.

लेणी क्रमांक १ मधल्या पद्मपाणीची, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्राचीच स्लाईड घ्या. स्क्रीनवर आली की सगळी पिवळी-तांबूस दिसते. सॉफ्टवेअरमधलं ऑटो कलर दाबलं की एका सेकंदात पिवळेपणा जाऊन मस्त न्यूट्रल होते, आणि तिथंच खरी माती होते. कारण हा पिवळा रंग तीन ठिकाणांहून आलेला असू शकतो. एक म्हणजे फिल्म जुनी झाली. दोन, लेण्यात साध्या बल्बचा उजेड होता, त्याचं कलर टेंपरेचर (उजेड किती पिवळा की निळसर त्याचं माप) २७००-२८०० केल्विनच्या आसपास आणि डेलाईट, म्हणजे दिवसाच्या उजेडाची फिल्म बनवलेली ५५०० ला, म्हणजे पिवळं-केशरी येणारच. आणि तिसरं म्हणजे खुद्द चित्रच तेव्हा पिवळं होतं! निजामाच्या काळात १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांवर शेलॅकचं, म्हणजे लाखेचं वार्निश लावलं होतं, ते पुढं पिवळं पडलं, आणि पुरातत्त्व खात्यानं नंतर ते बऱ्याच ठिकाणी साफ केलं. म्हणजे मामांच्या स्लाईडमध्ये जे वार्निश दिसतंय ते आज तिथं जाऊन दिसेलच असं नाही. ते पुसलं तर मग स्कॅन कशाला करायचा?

मी मामांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ते लगेच म्हणले, "बाबा, भिंतीचा उघडा दगड बघ आधी, दगडाला कुणी वार्निश लावत नसतंय." झालं, निम्मं काम तिथंच झालं.

आता मी असं बघतो. स्लाईड माउंटमधून, म्हणजे तिच्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीतून, अलगद काढली की फ्रेमच्या कडेला उजेड न लागलेला पट्टा असतो, तो गडद काळा पाहिजे. तो काळा न राहता तांबडा झाला असेल तर सायन डाय, म्हणजे फिल्ममधला निळा-हिरवा रंग, उडालाय, म्हणजे दोष फिल्मचा, आणि तो लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनलचे कर्व्ह (उजळ-गडद कमीजास्त करायच्या रेषा) वेगवेगळे धरून दुरुस्त करायचा, सगळ्या फोटोला एकच निळी छटा देऊन नाही, कारण डाय गडद भागात जास्त असतो, तिथंच जास्त फरक पडतो. काळा पट्टा ठीक आहे पण उघडा दगड किंवा कुणाचं पांढरं धोतर पिवळं दिसतंय, तर तो बल्ब, तो खुशाल काढा. आणि दगड, कपडे ठीक आणि फक्त रंगवलेला भाग पिवळा, तर हात लावायचा नाही.

फिल्म कोणती हेही माउंटवर बघायचं. कोडॅक कंपनीची कोडाक्रोम फिल्म अंधारात ठेवली तर रंग फार टिकून राहतात, पण प्रोजेक्टरचा प्रखर उजेड तिला सोसत नाही, म्हणून मामांच्या सगळ्यात लाडक्या, पुन्हापुन्हा दाखवलेल्या स्लाईडच जास्त फिक्या झाल्यात, हे बघून खरंच वाईट वाटतं. पूर्व जर्मनीची ओर्वो पण आपल्याकडं खूप चालायची, तिचे रंग बरेच उतरलेत. स्कॅनरला आयटी८ टार्गेट, म्हणजे ज्या रंगांची मोजमापं आधीच माहीत आहेत अशी एक स्लाईड, दाखवून प्रोफाईल (स्कॅनर रंगात कुठं चुकतो त्याची दुरुस्तीची फाईल) बनवा, पण कोडाक्रोमचं टार्गेट वेगळं घ्या नाहीतर स्कॅन निळसर येतो.

धुळीचं सांगायचं तर माझा स्कॅनर प्लस्टेक ८२००आय आहे, त्यातला आय म्हणजे इन्फ्रारेड. रंगीत फिल्मचे डाय इन्फ्रारेड उजेडाला आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे अडवतात, म्हणून लाल, हिरवा, निळा सोडून जो चौथा इन्फ्रारेड चॅनल मिळतो त्यामध्ये चित्र जवळजवळ दिसतच नाही, नुसता कचरा दिसतो. अजिंठ्याला हे लई महत्त्वाचं आहे, कारण चित्राचा गिलावा जागोजागी उडालेला आहे, बारीक ठिपके, तडे, आणि नुसत्या फोटोवरून अंदाज करणारा फिल्टर हे सगळं धूळ समजून भरून टाकतो, दीड-दोन हजार वर्षांच्या भिंतीला प्लॅस्टिकचा चेहरा येतो. इन्फ्रारेड मात्र फिल्मवरची धूळ आणि भिंतीवरचा ठिपका वेगळा ओळखतं. फक्त कोडाक्रोमवर ते बंद ठेवायचं. तिचा सायन थर इन्फ्रारेड थोडा अडवतो, मग गडद बारीक तपशील धूळ समजून खाल्ले जातात. तिथं हवा मारायचा रबरी फुगा, मऊ ब्रश आणि मग हातानं एकेक ठिपका, दुसरा रस्ता नाही. वेळ जातो, जाऊ द्या.

बुरशी लागलेल्या स्लाईडला पाणी अजिबात लावू नका, बुरशीनं फिल्मवरचं जिलेटिन, म्हणजे ज्या थरात चित्र असतं तो, खाल्लेलं असतं, ते विरघळून चित्रच निघून येईल.

मी ३६०० डीपीआयला (एका इंचात ३६०० ठिपके) १६ बिट टिफ, म्हणजे तपशील न गमावणारी फाईल, ठेवतो, एक फाईल १०० एमबीच्या वर जाते, त्यात इन्फ्रारेड चॅनल पण जोडून ठेवला की अजून मोठी, पण उद्या चांगलं सॉफ्टवेअर आलं तर स्लाईड परत हाताळायची गरज नाही. प्रत्येक फाईलसोबत फिल्मचं नाव, लेण्याचा क्रमांक आणि मी कोणता पिवळा काढला, कोणता ठेवला हे लिहून ठेवतो. वेरूळच्या कैलासच्या स्लाईड अजून राहिल्यात, त्या काचेच्या माउंटमध्ये आहेत, तशाच स्कॅन केल्या तर न्यूटन रिंग्ज, म्हणजे काच आणि फिल्म चिकटल्यानं उठणारी रंगीत वलयं, येतात, म्हणून काच काढून नव्या माउंटात घालाव्या लागतील. त्यासाठी मामा दिवाळीला स्वतः यायलेत.