मंगळवार ते रविवार

"वहिनी मंगळवारी गेल्या आणि रविवारी तुम्ही चर्चमध्ये पेटीवर बसलात. कसं काय जमलं हो?"

2018 च्या पावसाळ्यापासून हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, एकदा तर दाढीला साबण लावलेला असताना सलूनमध्येही विचारला गेलाय. विचारणाऱ्याच्या आवाजात कधी कौतुक असतं, कधी बारीकसा संशय. म्हणजे हा माणूस एक तर संत असावा, नाही तर दगड. मी बँकेतून निवृत्त झालेला कारकून आहे. दरवेळी "चालायचंच" म्हणून वेळ मारून नेत आलोय. आज नीट सांगतो.

त्याआधी दुसरा एक प्रश्न निकालात काढतो, कारण तो पुण्यात हमखास येतो : "तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती स्वच्छ बोलता!" काय बोलणार? गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनचं नाव काढलं की पुणेकरांना 1890 सालचा तिथला तो चहा आठवतो, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांना ज्यापायी प्रायश्चित्त घ्यावं लागलं तो. चहा पाजणारी मंडळी कोण होती, पुढे त्यांचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. आम्ही मूळचे नगरकडचे. पणजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. आमच्या उपासनेत पेटी, तबला, टाळ असतात आणि गाणी बरीचशी कवी नारायण वामन टिळकांची. या टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण ओवी आणि अभंग काही खाली ठेवले नाहीत. त्यामुळे प्रभू येशू मला लहानपणापासून मराठीतच भेटला, तोही झांजेच्या ठेक्यावर.

ही, म्हणजे माझी बायको, आमच्या चर्चच्या मंडळीत गाणं उचलायची. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात. बायका खूश, पुरुष घसा खाकरत खालच्या सप्तकात. "जरा खाली घे," असं मी चाळीस वर्षं सांगितलं. ऐकलं नाही.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. कळल्यापासून अकरा महिने. त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी काढलेत त्यांना ठाऊक आहे. मंगळवारी पहाटे गेली, बुधवारी माती दिली. शनिवारी रात्री पाळकसाहेबांचा फोन आला, उद्या येऊ नका, पेटीचं बघतो आम्ही. मी बरं म्हटलं. आणि रविवारी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. श्रद्धेमुळे नाही. घरात साडेआठला करायचं काहीच नव्हतं. तिच्या गोळ्यांचा डबा शुक्रवारीच धुऊन पालथा घातला होता.

पहिलं गीत लागलं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. बोटं आपली आपण चालत होती, पण तोंडातून एक शब्द निघेना. नुसता आवाज फुटेना असं नव्हतं. त्या ओळी मला खऱ्याच वाटत नव्हत्या. देव भला आहे वगैरे. मी भाता मारत राहिलो आणि समोरची साठ-सत्तर माणसं ते माझ्या तोंडावर गात राहिली. कुणी बेसूर, कुणी चष्म्याआडून रडत. पुढे जवळजवळ सहा महिने हेच चाललं. मी वाजवायचो, ती माणसं गायची.

आजोबा इर्जिकीचं सांगायचे. ऐन पेरणीच्या तोंडावर एखाद्याचा बैल मेला तर गाव आपापल्या बैलजोड्या घेऊन त्याच्या रानात उतरायचं. एका दिवसात वावर नांगरून व्हायचं. ज्याचं रान त्यानं फक्त सगळ्यांना जेवू घालायचं. त्या सहा महिन्यांत माझ्या वाटचा विश्वास मंडळीनं असा नांगरला. तेव्हा "कसं जमलं" याचं खरं उत्तर : मला जमलं नाही. इतरांना जमलं. मी पेटी वाजवली, म्हणजे जेवणाचं तेवढं केलं म्हणा.

विश्वास ही ज्याच्या त्याच्या काळजातली खासगी ठेव आहे, असं मीही समजत होतो. पासबुकासारखी, आपली आपण जपायची. तसं असतं तर माझं खातं त्या आठवड्यातच बंद झालं असतं.

सांत्वनाबद्दलही बोललं पाहिजे. "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात" हे वाक्य मी निदान वीस जणांकडून ऐकलं, त्यात आमचे ख्रिस्तीही आले. राग यायचा. चांगली माणसं हवीत तर स्वर्गात काय भरती निघालीय? पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ईयोबाचं पुस्तक आहे. मुलं, गुरंढोरं, तब्येत, सगळं गेलेला माणूस. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक अक्षर न बोलता. माझ्या मते त्यांनी केलेलं तेवढंच काम चोख. पुढे तोंड उघडून त्यांनी देवाची वकिली सुरू केली आणि शेवटी देवानंच त्यांना झापलं. आमच्या समोरच्या काकूंनी ईयोब वाचलेला असणं शक्य नाही, त्यांच्याकडे गजानन महाराजांचा फोटो आहे. पंधरा दिवस त्या रोज संध्याकाळी वरणभाताचं पातेलं आणून ओट्यावर ठेवायच्या, पाच मिनिटं खुर्चीत बसायच्या आणि कालचं पातेलं घेऊन जायच्या.

पुढच्या वर्षी गुड फ्रायडे आला. आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते आणि वधस्तंभावरचे प्रभूचे सात उद्गार एकेकाला बोलायला वाटून देतात. पाळकसाहेबांनी मला चौथा दिला. मुद्दामच दिला असणार. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

तयारी करताना एक गोष्ट नव्यानं लक्षात आली. माहीत होती, पण अंगाला लागली नव्हती. हे वाक्य येशूचं स्वतःचं नाही. बाविसाव्या स्तोत्राची ती पहिली ओळ आहे. स्तोत्रसंहिता म्हणजे यहुद्यांचं गाण्याचं पुस्तक, आमचं 'उपासना संगीत' असतं तसं. श्वास पुरेनासा झाला तेव्हा देवाच्या पुत्राजवळही स्वतःचे शब्द उरले नाहीत, त्यानं पुस्तकातलं गाणं उचललं. आणि तेही तक्रारीचं! त्या दीडशे स्तोत्रांत तक्रारींचा भरणा मोठा आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी समाधानाचं एक कडवंसुद्धा नाही. ज्यांनी ते पुस्तक जपलं त्यांनी ते गाळलं नाही. मला वाटत होतं माझं देवाशी बोलणं तुटलंय. प्रत्यक्षात मी सहा महिने त्याच्याशी भांडत होतो, आणि भांडणाचे शब्द त्यानंच आधी छापून ठेवले होते.

त्या दिवशी बोलायला लिहून नेलेली चार पानं वाचताना आवाज दोनदा गेला. तिसऱ्या पानानंतर मी गायलो. थोडंसंच.

खराडीला आयटीत असलेला वरच्या मजल्यावरचा मुलगा मागे विचारत होता, "काका, आयुष्याचा पर्पज काय?" नोकरी गेली होती त्याची. मी त्याला केडगावची गोष्ट सांगितली. पंडिता रमाबाईंचे वडील, आई आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत एकापाठोपाठ गेले, मग भाऊ, मग 1882 साली नवरा. पुढे दुष्काळ पडला तेव्हा याच बाईनं उपाशी मुली गोळा करून दौंडच्या वाटेवर केडगावला मुक्ती सदन वसवलं. 1921 साली हाताशी आलेली मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत. छपाई केडगावलाच, सदनातल्या बायकामुलींच्या हातून. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं होतं. मनोरमेनंतरच्या त्या महिन्यांत त्यांना पर्पज विचारला असता तर त्यांनी बहुधा पुढचं प्रूफ दाखवलं असतं, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "म्हणजे काम करत राहायचं?" तसं नाही. काम तर बँकेतही करत होतो, छत्तीस वर्षं. कुणाच्या रानात उतरायचंय ते बघायचं, असं काहीतरी म्हणालो मी. त्याला इर्जिक समजावून सांगण्यात अर्धा तास गेला.

राहिली आशा. ईस्टरच्या पहाटे आम्ही अंधारात दफनभूमीत जमतो, मेणबत्त्या घेऊन. "ख्रिस्त उठला आहे" असं एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी "खरोखर उठला आहे" असं उत्तर द्यायचं. हे मी खरं मानतो. उपमा म्हणून नाही, शब्दशः. ती मला पुन्हा भेटेल असंही मानतो. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही, आणि तुम्हाला पटवायचं म्हणून हे लिहिलेलं नाही. काही सकाळी मलाही ते पटलेलं नसतं. तेव्हा मी उत्तर देणाऱ्यांच्या घोळक्यात मागे उभा राहतो.

शनिवारी चार वाजता मंडळीतली पाच मुलं पेटी शिकायला येतात. चर्चची जुनी पेटी माझ्याच घरी आहे, भात्याला दोन ठिगळं लावलीत. परवा त्यातली सर्वांत लहान मुलगी एकच पट्टी पुनःपुन्हा दाबत होती. दाबली की वर येतच नव्हती.

"आजोबा, ही काळी चारच का अडकते?"

"खूप वापरलीय," म्हटलं, आणि स्क्रू-ड्रायव्हर आणायला उठलो.