चारऐवजी एकच का?

"पान भारी आहे ना? मग तेच चारदा घाल की!" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की काकांकडून हे ऐकावंच लागतं. आमच्याकडे रावेरच्या बाजूला त्या दिवशी दुपारी आमरस-पुरणपोळी झाली की ओट्यावर पत्त्यांचा डाव बसतो. एरवी पत्ते दिसले तरी करवादणारी आजीसुद्धा त्या दिवशी गप्प असते. मी आणि चुलतभाऊ कोपऱ्यात आमच्या वेगळ्या खेळाच्या पानांचे डबे उघडतो, काका डोकावतात, "हाई काय शे?" आणि मग तोच प्रश्न.

काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

खेळाचं नाव मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला, १९९३ साली बाजारात आला. डेक, म्हणजे खेळायच्या पानांचा गठ्ठा, आपला आपण बांधायचा. नेहमीच्या प्रकारात किमान ६० पानं, आणि एका नावाची चारपर्यंत चालतात. म्हणजे तुमचं म्हणणं तिथे बरोबरच आहे. आम्ही खेळतो तो प्रकार कमांडर. एक सेनापती, म्हणजे डेकचं मुख्य पान, आणि त्याच्या रंगांत बसणारी ९९ पानं, प्रत्येक नाव एकदाच. सूट आहे ती साध्या लँडना, म्हणजे जमिनीच्या पानांना, नाहीतर बाकीची पानं खेळायला मोजावा लागतो तो मानाच मिळायचा नाही. माझा डेक निव्वळ लाल, त्यात डोंगर, म्हणजे लाल रंगाची लँड, हेच तीसच्या वर आहेत. अलास्कातल्या काही मित्रांनी हा प्रकार आपल्यापुरता सुरू केला, स्पर्धांच्या पंचांनी तो जगभर नेला आणि २०११ मध्ये खेळ काढणाऱ्या कंपनीनेच त्याचे तयार डेक काढले.

आता हिशेब बघा. ६० पानांत एक पान चारदा असेल, तर पहिल्या सात पानांत ते हाती लागण्याची शक्यता चाळीस टक्के. ९९ मध्ये एकदाच असेल तर जेमतेम सात. त्यामुळे अमुक पान येईल या भरवशावर बसताच येत नाही. आलेल्या पानांत भागवायचं. तुमच्या मेंढीकोटात काय वेगळं असतं? बदामाची मेंढी जोडात एकच. ती कोणाकडे गेली यावरच तर तुम्ही दुपारभर भांडता. तीच मेंढी चौघांकडे एकेक असती तर भांडणात काय राम राहिला असता?

आणखी एक कारण आहे, जरा लाजिरवाणं. सुरुवातीला आम्हा तिघा भावंडांत मिळून पानंच थोडी होती. एका महागड्या पानाच्या चार प्रती घ्यायचं आमच्या खिशाला जमणारं नव्हतं. एकच लागतं म्हटल्यावर डब्यातली पडीक पानंसुद्धा डेकमध्ये शिरली. (कमांडर स्वस्त आहे असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.)

माझा सेनापती क्रेंको, गॉब्लिन नावाच्या खट्याळ बुटक्यांचा म्होरक्या. वापरायला तो आडवा केला की मैदानात माझे जितके गॉब्लिन तितके नवे येतात. एकटा असला तरी एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. या नव्या गॉब्लिनांच्या जागी टोकन म्हणून आम्ही चिंचोके मांडतो. आजी ते नंतर परत मोजून घेते.

या प्रकाराला खरी कीड आहे ती हवं ते पान शोधून आणणाऱ्या पानांची. चुलतभाऊ काळा डेक खेळतो. त्याच्याकडे डिमॉनिक ट्यूटर होतं: दोन माना मोजा, डेकमधून हवं ते पान हातात घ्या. तशी पाच-सहा घातली की ९९ वेगवेगळी पानं नावापुरती उरतात, डाव दरवेळी त्याच एका वळणावर जातो. शेवटी आमच्या ओट्यावर ठरलं, शोधणारी पानं बंद. मी एक मात्र ठेवलंय, गॅम्बल. हवं ते पान आणायचं, पण लगेच हातातलं कोणतंही एक पान न बघता टाकायचं. आखाजीला जुगार चालतो, मग हेही चालायला हवं, असा माझा वाद, आणि आजीने तो मान्य केला.

गेल्या आखाजीला मी गॅम्बल खेळून गॉब्लिन चीफटन आणलं. हातात एकूण चार पानं. ती काकांपुढे पालथी धरली, म्हटलं, ओढा एक. त्यांनी नेमकं तेच ओढलं, उलटं करून पाहिलं आणि ओट्यावर आपटलं, "गई मेंढी!"