मोबाईल स्टेप मोजेना, तीन चकरा झाल्या : माझा अनुभव

ज्यांच्या मोबाईलमधे स्टेप मोजणं मधेच बंद पडते त्यांनी दुकानात जायच्या आधी हे वाचा. माझे ऐन कापूस वेचणीतले तीन दिवस गेले, अजून राग जात नाही म्हणून लिहून राहिली.

दिवाळीनंतर तपासणीत माझं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1 निघालं. डॉक्टर म्हणाले 5.7 ते 6.4 म्हणजे शुगरच्या आजाराच्या काठावर, रोज तीस मिनिट झपाझप चाला अन् किती चालता ते मोजून आणा. मी म्हटलं, सर आम्ही शेतकरी माणसं, चालतोच की. पण घरी येऊन विचार केला तं खरं हे की मी दिवसभर शिलाई मशीनवर बसून असते, मशीनले मोटर लावल्यापासून पायडलही मारावं लागत नाही.

पुतण्या म्हणे काकू, पावलं मोजायचा हातातला बँड घ्या. घेणारच होती, पण जाऊबाईच्या हातात तिच्या पोरानं पुण्याहून पाठवलेला बँड आहे, तो एक दिवस बघितला. डोक्यावर पाण्याचा गुंड अन् हात गुंडाले धरलेला, विहिरीपासून घरापर्यंत आली तरी आकडा नावालाच वाढला, कारण बँड हाताचं हलणं मोजते. म्हणून ठरवलं, मोबाईल आहेच, त्यातलंच अ‍ॅप वापरायचं, पैसे कशाले घालवायचे.

अन् इथंच अडकली. अ‍ॅप टाकलं, अंगणात चालून बघितलं, मोजलं. दुसऱ्या दिवशी पांदणीनं वावरात जाऊन आली, आकडा जिथल्या तिथं. तालुक्याले मोबाईलच्या दुकानात गेली. त्यानं दोनदा हलवून बघितला अन् म्हणाला, "सेन्सर गेला ताई, ठेवून जा." दोन दिवस ठेवला. माझ्या गिऱ्हाइकांचे ब्लाऊजचे फोटो, मापं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, ते दोन दिवस कामच बंद. दुसऱ्या चकरीत म्हणे अपडेट मारलं, दोनशे रुपये घेतले, काउंटरवर हलवून दाखवला तं आकडा वाढला, मी खुश. बसस्टॉपवरून घरापर्यंत चालत आली, परत काही नाही. तिसऱ्या चकरीत अकरा वाजता गेली, तीन वाजेपर्यंत त्या स्टुलावर बसवून ठेवलं, माझ्या मागून आलेले लोक काम करून गेले, अन् शेवटी काय तं "बोर्डाचं काम आहे, अठराशे लागन, नाहीतर नवीन घ्या." एसटीत बायांले अर्धं तिकीट आहे हे खरं, पण दिवस तं पूर्ण जाते ना, तिकडं कापूस फुटून पडलेला अन् मजूर मिळेना. मी अठराशे द्यायले तयारच झाली होती, पर्समधे तेवढे नव्हते म्हणून वाचली.

संध्याकाळी पुतण्यानं एकच गोष्ट विचारली, "काकू, स्क्रीन चालू असली की मोजते अन् बंद केली की थांबते, मग सेन्सर खराब कसा?" हा प्रश्न त्या दुकानदाराले तीन चकरांमधे एकदाही सुचला नाही! लाईट जाते म्हणून मी बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवते, त्यामुळं स्क्रीन बंद झाली की फोन ते अ‍ॅपच झोपवून टाकत होता. सेटिंगमधे त्या अ‍ॅपच्या बॅटरीत जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं, बॅटरी सेव्हर काढला, दोन मिनिटाचं काम. परमिशनमधे फिजिकल अ‍ॅक्टिव्हिटी चालू आहे का तेही बघा, ते बंद असलं तरी मोजत नाही.

तपासायचं कसं, तर मनात शंभर पावलं मोजत सरळ चाला, थांबल्यावर दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या, आकडा उशिरा येते. चार-पाच पावलांचा फरक आला तरी चालते.

साडीले खिसा नसते, फोन घरी फळीवर राहिला तं काय मोजणार? मी परकराले नाडीजवळ आतून खिसा शिवला, जाड कापडाचा, वर बटण. गावातल्या सात जणींनी शिवून नेला, ह्याचा मले खूप आनंद आहे.

अ‍ॅपमधे दहा हजाराचं टार्गेट होतं, माझे 3,800 व्हायचे अन् जीव खट्टू व्हायचा. डॉक्टरांनीच सांगितलं की दहा हजार हा आकडा 1965 मधे जपानात निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, त्याच्या नावाचा अर्थच दहा हजार पावलं. जागतिक आरोग्य संघटना तं मिनिटं सांगते, मोठ्या माणसाले आठवड्याले कमीत कमी 150 मिनिट. झपाझप म्हणजे मिनिटाले शंभरेक पावलं, तीस मिनिटाले तीन हजार. मी आता रोजच्या कामाच्या वर हे तीन हजार धरते, पहाटे पांदणीनं मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येते. उन्हाळ्यात साडेपाचलाच निघावं लागते, नंतर ऊन सोसत नाही.

वेचणीच्या दिवशी आकडा बघूच नका. नऊ ते पाच कापसाच्या पऱ्हाटीत होती, कंबर मोडली अन् फोन म्हणे 4,100. दोन पावलं टाकायची, थांबायचं, वाकायचं, हे त्याले चालणं वाटतच नाही. त्या दिवशी मी कॅलेंडरवर पेनानं 'वेचणी' लिहिते, डॉक्टरांले कॅलेंडरच दाखवलं, त्यांनी ते कामात धरलं.

अन् हो, फोन अपडेट झाला की बॅटरीची सेटिंग परत उघडून बघा, माझी फेब्रुवारीत आपोआप बदललेली निघाली, चार दिवस काहीच मोजलं गेलं नव्हतं.